ओवशाच्या सुपातलं तवसं

भादव्यात नीराबाईच्या परसात पाय ठेवायला जागा नसते. मांडवावरून पडवळं लोंबतात, सरळ वाढावीत म्हणून टोकाला दगड बांधलेली. भोपळा न्हाणीच्या पत्र्यावर चढलेला. भेंडी आज तोडली नाही तर उद्या लाकूड. या सगळ्यातून अकरा कोंबड्या सातबारा नावावर असल्यासारख्या फिरतात. चौलमागच्या या वाडीत नीराबाई सून म्हणून आली त्याला अडतीस वर्षं झाली. भाजी तिने कधी विकत आणली नाही. भेंडी, शिराळी, अंडी, मागेल त्याला दिली.

तवशाचं बी मात्र दिलं नाही. हातभर लांब, पांढऱ्या सालीची ही पावसाळी काकडी तिच्या आईच्या परसातली. आई गेली, भावांनी जागा विकली. तिथे आता निळ्या पाण्याचा तलाव असलेला बंगला आहे. नीराबाई एकदा फाटकापर्यंत गेली आणि परत फिरली. माहेर म्हणून उरलं ते मूठभर बी. शेजारच्या केसरकाकूने ते कितीदा मागितलं. नीराबाई दरवेळी म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू."

यंदा मिरगात सगळं बी पेरलं आणि कोंबड्यांनी आळी उकरली. एकच वेल वाचला. त्याचं शेवटचं तवसं तिने बियासाठी ठेवलं. ते पिवळं पडलं होतं, सालीला भेगा येत होत्या.

गौर यंदा पूर्वा नक्षत्रावर आली, म्हणजे नव्या सुनेचा ओवसा. हेमालीच्या लग्नाला आठ महिने झालेले. तिने एकटीने पाच सुपं भरली, गौरीपुढे ओवाळली आणि रिवाजाप्रमाणे वडीलधाऱ्या बायकांना वाटून आली. नीराबाई चुलीपाशी घावन घालत होती. दुपारी कोंबड्यांना कोंडा टाकायला परसात गेली, तर वेल मोकळा.

"हेमाली, तवसं कुठं गेलं गो?"

"सुपात घातलं, आई. गौरीला सगळ्यात मोठं द्यायचं ना?"

"कोणाच्या सुपात?"

"केसरआजींच्या."

"गेलं तुझं माहेर कोशिंबिरीत," पडवीतून नीराबाईचा नवरा अंबाजी हसत म्हणाला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि पेपर तोंडापुढे धरला.

केसरकाकूच्या अंगणात काकडीची सालं पडली होती. चार कोंबड्या त्यांवर तुटून पडल्या होत्या. चोचींत ओलं, पांढरं बी. नीराबाई जागच्या जागी थांबली. आई दुसऱ्यांदा गेली, असं तिला वाटलं. आणि या खेपेला रडायला भावकीही नव्हती.

"अगो, उभी काय खांबासारखी? आमची काकडी कडू निघाली, म्हणून टाकली." केसरकाकू दारात आली. तिने बोट वर केलं. आढ्याच्या शिंक्यात पिवळं तवसं निवांत पडलं होतं. "मला दात न्हाईत, पण डोळे हायत. बियाचं तवसं ओवशात घालतं व्हय कोणी?"

नीराबाई पायरीवर बसली. "काकू, द्या ते."

"ओवशाचं परत मागतीस? आता ते माझं." म्हातारीने डोळे बारीक केले. "आणखी पिकू दे. कापीन तवा ये, अर्धं बी तुझं. मी काय 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणार न्हाय."

नीराबाईला हसू फुटलं. पदराने डोळे पुसावे लागेपर्यंत ती हसत राहिली. मागून धावत आलेली हेमाली मान खाली घालून मुसमुसत उभी होती.

"तू कशाला रडतेस?" केसरकाकू तिला म्हणाली. "तुझ्या सासूकडं वीस वर्षं मागत होते. तू एका सकाळीत दिलंस."

बारा दिवसांनी त्यांनी तवसं कापलं. पाण्यात टाकल्यावर बरंचसं बी तळाशी गेलं, म्हणजे भरलेलं होतं. राखेत घोळून ते त्यांनी दोन शेण्यांवर, वाळल्या गोवऱ्यांवर, थापलं. एक शेणी केसरकाकूच्या आढ्याला गेली, एक नीराबाईच्या. चिमूटभर बी हेमालीने रुमालात बांधलं, तिच्या आईसाठी. नीराबाईनेच ते तिच्या हातावर ठेवलं होतं.

गर उरला तो तिने कोंबड्यांना टाकला. त्या खात होत्या. नीराबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली, आणि तिने त्यांना हाकललं नाही.