एकोणीस घरांचं एक वाक्य

एनेइदा मावशीनं आयुष्यात एकदाच विशेषण वापरलं असेल, ते पण नवऱ्यासाठी, आणि तो सोडून गेल्यावर ते पण खोडून टाकलं.

पुएर्तो प्लाता या समुद्रकाठच्या गावातल्या एका पेपरात तिनं एकतीस वर्षं कात्रणं कापली. बातमी कापायची, मागे तारीख टाकायची, ज्या माणसाची बातमी त्याच्या नावाच्या पाकिटात सरकवायची. पेपर बंद पडला तेव्हा पाकिटं घरी आली आणि मावशी इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लिहायला बसली. फुकट. आणि कोणावर लिहायचं, तर हॉटेलवाले आणि बिल्डर! ज्यांचं नाव काढलं की अर्धं गाव हात जोडतं आणि अर्धं थुंकतं. मावशीच्या लेखात "महान" नाही, "लुटारू" पण नाही. काय केलं, कधी केलं, कुठे छापून आलं. बास.

मग आला एलिसेओ मोंताल्वोचा लेख.

त्याचं मिरामोंते हॉटेल जिथे उभं आहे ना, तिथे मावशीचं लहानपण होतं. दारात समुद्र, आणि दारासमोर तिच्या आईची मासे तळायची टपरी. कच्च्या केळ्याचे चपटे काप कढईत पडले की चर्र आवाज यायचा आणि तो वास शाळेच्या युनिफॉर्मला इतका चिकटायचा की बाई नाक मुरडायच्या. मावशी अकरा वर्षांची असताना घरं पाडली. एका आठवड्यात सगळी गेली.

लेखात तिनं एवढंच लिहिलं होतं: हॉटेलसाठी एकोणीस घरं पाडण्यात आली. तर "कोस्टा" नावाच्या ज्ञानकोशातल्याच कोणा संपादकानं लेखाखाली लिहिलं, "आधार? सात दिवसांत द्या, नाहीतर वाक्य काढतो."

"मी सांगते ना!" मावशीची आई डोलखुर्चीतून ओरडली. नेना नाव तिचं, वय अठ्ठ्याऐंशी, हातात केळं आणि सुरी. "लिही, नेनानं डोळ्यांनी बघितलं."

"तू आधार नाहीस गं आई."

"मी नाही? मी तुला जन्म दिला!"

"छापील पाहिजे."

"मग राक्षस होता मेला, ते तरी लिही."

"ते तर अजिबातच नाही."

शेजारचा रादामेस कुंपणावर हात टेकून ऐकत होता. बावीस वर्षं मिरामोंतेत वेटर होता तो. "राक्षस काय, नेनाबाई! त्याच्या हॉटेलवर माझ्या तीन पोरी शिकल्या. आणि त्या मोठ्या वादळात हॉटेलचा हॉल गावाला कोणी उघडून दिला? एनेइदा, तू पण झोपली होतीस की तिथे, माझ्याच बायकोच्या चादरीत. ते लिहिलंस का गं, निःपक्षपाती बाई?"

मावशीनं ते लिहिलं नव्हतं. कात्रण तर पाकिटात सगळ्यात वरच होतं, दोन वर्षं ती ते बाजूला सारत होती. स्वतःचीच इतकी लाज वाटली तिला!

पाच दिवस ती नगरपालिकेच्या वाचनालयात जुन्या अंकांच्या फायली उलटत बसली. पायाभरणीचा फोटो होता, रिबिनीचा होता, बिशपचा पण होता. घरांबद्दल एक ओळ नाही. सहाव्या दिवशी ती हात हलवत घरी आली.

"सोड आता," आई म्हणाली. "तुझे आजोबा वारले तेव्हा पण असंच, हात हलवत परत. नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला लोक काळे कपडे घालून जुन्या जागी गेले, तर तिथे नुसते दगड! म्हणून तर वर्षाच्या प्रार्थनेला मी पेपरात छापलं, की बाबांनो इकडे या."

मावशी ताडकन उठली. "काय छापलंस?"

"पत्ता गं. सगळे छापतात तसा."

मरणाच्या प्रार्थनेच्या सूचना! एकतीस वर्षं ते पान तिनं कात्रीनं बाजूला टाकलं होतं, त्यात बातमी नसते म्हणून. आणि हे पाच दिवस पण ते पान ती न बघताच उलटत होती. ती तशीच चपला अडकवून पळाली. मार्च १९७५, पान सात, आजोबांच्या नावाची बोटभर चौकट: क्रेसेंसिओचं घर मिरामोंते हॉटेलसाठी पाडलेल्या एकोणीस घरांपैकी होतं, तरी प्रार्थना मेव्हण्याच्या अंगणात होईल.

तिथेच वाचनालयात भोकाड पसरून रडली ती.

घरी येऊन तिनं आधी वादळाचं टाकलं, तारखेसकट. मग घरांचं. आणि खाली खरं सांगितलं, की ही सूचना माझ्याच आईनं दिली होती, चालत नसेल तर काढा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोस्टाचं उत्तर आलं. "सूचनेचा उल्लेख वाक्यातच करा. मग राहू द्या."

"वाच," आई म्हणाली.

"मार्च १९७५ मध्ये छापलेल्या एका प्रार्थना-सूचनेनुसार, हॉटेलसाठी एकोणीस घरं पाडण्यात आली."

"एवढंच? माझ्या माशांचं काही नाही?"

"नाही."

आईनं सुरी खाली ठेवली. "परत वाच. हळू."

मावशी हळूहळू वाचत होती आणि आई बोटांवर घरं मोजत होती, एकेकाचं नाव घेत, विहिरीच्या बाजूनं सुरू करून.