ओली फरशी
शहाबादी फरशीवर पाणी ओतलं की जो वास उठतो, तो मला आजही घराबाहेर काढतो. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, त्या दुष्काळातली ही गोष्ट. वडिलांना तिथल्या दवाखान्यात दाखवायचं होतं, म्हणून स्वस्त खोली बघायला मी आदल्या दिवशी बिलोलीहून एकटाच गेलो. गावात ओळखीचं कोणी नव्हतं, आणि नव्या कचेऱ्यांत बदलून आलेल्या लोकांनी सगळे लॉज भरले होते. दुपारी दवाखान्यामागच्या एका लॉजच्या म्हाताऱ्या मॅनेजरने कोपऱ्यातली खोली उघडली. भाडं निम्मंच होतं. गादी भिंतीला उभी केलेली आणि फरशी ओलीगच्च. “प्यायला पाणी नाही म्हणता, अन् फरशी धुता?” मी विचारलं. हातातल्या किल्लीकडे बघत तो म्हणाला, “धुवावीच लागती, मालक. इथले पेशंट रात्री वारले, सकाळीच नेलं त्यांना. आधीच सांगून ठेवतो, मागून बोल नको.” दुसरी खोली कुठेच नव्हती. मी किल्ली घेतली. दुसऱ्या दिवशी वडील आले, तेव्हा फरशी कोरडी होती. तिच्यावर हात फिरवत ते म्हणाले, “लई स्वच्छ हाय रे. असल्या दुष्काळात कोण एवढं करतं?” मी म्हणालो, “माणूस चांगला हाय, दादा.” सहाव्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले. त्यांना जीपमध्ये ठेवून मी किल्ली द्यायला मागे वळलो, तर मॅनेजर पाण्याच्या दोन घागरी घेऊन दारात उभा होता. त्या दुपारीही कोणीतरी स्वस्त खोली शोधत तिथे आलंच असेल.