घोडीचं आवतण

“हा मोटर न्यूरॉन डिसीज आहे,” नगरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी मराठीत समजावलं. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. हातांतलं बळ जातं, पायांतलं जातं, बोलणं आणि गिळणं अवघड होतं. डोकं मात्र बहुतेक वेळा शाबूत राहतं. बरं करणारं औषध अजून नाही.

आण्णांनी विचारलं, “दुसऱ्याला लागतो का ह्यो?”

“नाही.”

“मग माझ्यापुरतंच हाय. बरं झालं.”

आण्णा म्हणजे माझे वडील. ऊसतोड कामगारांसाठी त्यांनी हयातभर पत्रकं लिहिली आणि फडाफडांत वाटली. मी अक्षरं गिरवली ती त्याच पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. आजाराची पहिली खूणही तिथेच दिसली होती. घडी घालताना कागद त्यांच्या बोटांतून निसटायचा. वय झालं, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. मग सदऱ्याची बटणं लागेनात. तुमच्या घरात असं काही दिसलं तर वयावर ढकलू नका.

निदानाआधी ईएमजी नावाची तपासणी झाली होती. स्नायूत बारीक सुई घालून त्यातली वीज तपासतात. यंत्र खरखरतं. आण्णा म्हणाले, “आपल्या सभंचा भोंगा असाच वाजायचा.” तंत्रज्ञ हसला. मला हसू आलं नाही.

निदान ऐकून आमच्या गावी, तिसगावला परतलो. आई मी शाळेत असतानाच गेली होती, घरात आम्ही दोघंच. काही महिन्यांत आण्णांच्या हातातून घास तोंडापर्यंत पोचेना. मी भरवायला गेले की ते तोंड फिरवायचे. भाकरीसाठी कुणाच्या हाताकडे बघू नका, हे त्यांनी हजारदा लिहिलं होतं. ताटात वाकून जेवढं तोंडात येईल तेवढंच खायचे. गालफडं बसली.

पुढच्या खेपेला डॉक्टर स्पष्ट बोलले. “हे वजन नुसतं आजारानं उतरलेलं नाही, यांचं पोट भरत नाही. यांनी भरवून घेतलंच पाहिजे. नाहीतर आजाराच्या आधी उपासमार यांना नेईल.”

बाहेर रांगेतल्या बाकावर बसून आण्णा म्हणाले, “मी काय मेंढरू हाय का, कुनीबी चारायला?”

गावाबाहेर शमीमबी राहतात. टाकून दिलेली जनावरं त्या सांभाळतात. एक लंगडा बैल, काही शेळ्या आणि वीटभट्टीवरून सोडवून आणलेली बुटकी तट्टं. विशेष मुलांच्या शाळेतली पोरं तिथे येतात, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या येतात, जनावरांना कुरवाळून जातात. आण्णांना तिकडे घेऊन ये, असा निरोप त्यांनी धाडला, तेव्हा मी भांडायलाच गेले. म्हटलं, माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात खाट मिळत नाही आणि तुम्ही घोड्यांचं कौतुक सांगता.

“खाट माझ्याकडं न्हाई गं,” शमीमबी म्हणाल्या. “घोडी हाय. ती देऊ का?”

आण्णांनी हे ऐकलं आणि खूप दिवसांनी हसले. म्हणाले, “चल, बघू तरी.”

बुटकी नावाची घोडी आण्णांच्या कमरेएवढी होती. विटांच्या ओझ्यानं पाठीवर दोन्हीकडे कातडं सोलून पांढरे वण पडलेले. ती माणसाच्या हाताला घाबरायची. आजवर जो हात आला तो दोरी नाहीतर काठी घेऊनच आला होता. शमीमबीसुद्धा चाऱ्याची पाटी ठेवून लांब व्हायच्या.

आण्णा खुर्चीत बसले. हात मांडीवरून खाली लोंबत होते. बुटकी बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिली. मग आली आणि तळव्यात नाक घातलं.

“हिला कळलं,” आण्णा जड जिभेनं म्हणाले. “ह्या हातात काय धरता येत न्हाई.”

मी तोंड वळवून उभी राहिले. त्यानंतर आम्ही रोज जाऊ लागलो. जेवण मात्र तसंच, वाकून दोन घास.

पोळा आला. आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांची खांदेमळणी करतात. जुवानं घासलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. शमीमबींच्या लंगड्या बैलाची खांदेमळणी मी केली. आण्णांनी मानेनं बुटकीकडे खूण केली.

कुंपणापलीकडून एक शेजारी म्हणाला, “आण्णा, घोडीचा पोळा कुठं असतोय व्हय?”

आण्णांना एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. “जो राबला... त्याचा... सन.”

मी त्यांच्या मनगटाला लोणी-हळद लावली आणि हात उचलून घोडीच्या पाठीवर ठेवला. त्यांनी खांद्यातून जोर काढून मनगट वणांवरून फिरवलं. बुटकीचं अंग थरथरलं, पण ती हलली नाही. आण्णा तिच्या कानाशी बोलले. शब्द धड उमटले नाहीत, पण आम्हाला कळले. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

दुसऱ्या दिवशी आण्णांच्या तळव्यावर मी पुरणपोळीचा लहानसा तुकडा ठेवला. तळवा खालून मीच धरला होता. बुटकीनं तुकडा ओठांनी उचलून खाल्ला. पोळ्याला आधी जनावर जेवतं, मग घरधनी.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “पाव्हनी जेवली. आता मला... भरव, पोरी.”

दुधात कुस्करलेली पोळी मी त्यांना भरवली. ताठ बसवून, हनुवटी छातीकडे, चिमूटभर घास, एक गिळल्यावरच दुसरा. हे डॉक्टरांनी कधीच शिकवलं होतं, पण त्यासाठी तोंड उघडावं लागतं.

थंडीत त्यांना ॲस्पिरेशन न्यूमोनिया झाला. अन्न किंवा लाळ श्वासनलिकेत उतरून फुप्फुसात होणारा संसर्ग. त्यातून ते उठले नाहीत. पण उपाशी गेले नाहीत. अशा रुग्णाला घरी येऊन बघणारी परिचारिका, भरवायला शिकवणारं माणूस तालुक्याला मिळायलाच हवं. तो उपकार नाही, हक्क आहे. तो मागताना आवाज चढवा. आणि तोवर तुमच्या माणसाला सांगा, भरवून घेण्यानं कुणी लहान होत नाही. शमीमबींचे आभार मी नीट मानले नाहीत. इथे मानते.

यंदा खांदेमळणीला मी एकटीच गेले. लोणी-हळदीची वाटी हातात बघून बुटकी मागे सरली. मी वाटी खाली ठेवली, आण्णांच्या खुर्चीत बसले आणि हात सैल सोडून दिले. अंधार पडत आला तेव्हा तळव्याला ऊन श्वास लागला.

आज आवतण घ्या, मी म्हणाले. उद्या जेवायला या.