वहीतल्या वाकलेल्या पाठी

चहा उतू जायच्या बेतात होता, ह्यांना दुसरा मोजा सापडत नव्हता, आणि तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात टेपमावशी. तीस वर्षं गल्लीच्या कोपऱ्यावर शिवणकाम, गळ्यात टेप कायमची, म्हणून टेपमावशी. काखेत मापांची जाडजूड वही.

"तू कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं होतंस ना? मग हे बघ. चहा राहू दे."

वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान, वर्षावर्षाची मापं. मावशींनी बोट ठेवलं. पानामागून पान तेच. मागची उंची अर्ध्या अर्ध्या इंचाने वाढलेली, पुढची घटलेली.

"माणूस वाकला की पाठ जास्त कापड मागते, पोट कमी."

"वय झालं की वाकतोच की माणूस, मावशी."

"मग पलीकडची गल्ली का नाही वाकली? तिचेही कपडे मीच शिवते. आणि आपला सुतार चाळिशीचासुद्धा नाही. मान वळवायची तर अख्खा वळतो, कपाटासारखा!"

पलीकडची गल्ली जुन्या उथळ विहिरीचं पाणी पिते. आमच्याकडे अठरा वर्षांपूर्वी खोल बोअर मारली. खडकातून आलेलं काचेसारखं पाणी, त्याचा आम्हाला केवढा तोरा!

संसाराच्या बावीस वर्षांत पहिल्यांदा माझं शिक्षण घरात कामाला आलं. मी सांगितलं, काही खडकांत फ्लोराइड असतं. खोलवरचं पाणी वर्षानुवर्षं त्या खडकात राहतं आणि ते उचलून घेतं. ना रंग, ना वास. प्रमाणाबाहेर पोटात गेलं की पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, मोठ्यांची हाडं ताठरतात.

मावशींनी वही मिटली. त्यांची थोरली नात हसताना तोंडावर हात धरते. धाकटी दोन वर्षांची, तिचे पक्के दात अजून हिरड्यांत घडत होते.

"पण तिला मी दोनदा उकळून पाजते गं!"

"उकळल्याने वाफ जाते, मावशी. खडकातलं भांड्यातच राहतं. उलट दाट होतं."

त्यांनी टेप मुठीत आवळली. क्षणभर वाटलं, रडतील. पण उठल्या. "थोरलीचं झालं ते झालं. धाकटीचे दात मी जाऊ देणार नाही. चल."

त्या दिवसापासून धाकटीसाठी विहिरीची कळशी आणि पाणी खात्यात आमच्या खेपा, दोन्ही सुरू झालं.

"मावशी, पाण्याला आता अस्तर लावता का?" कारकून हसले.

"लावते की! आधी बाटली भरून तपासायला तर धाडा."

तीन खेपा फुकट गेल्या. चौथ्या खेपेला मावशींनी सरळ साहेबांच्याच पाठीला टेप लावली. "सरळ आहे हो पाठ! साहेब, तुम्ही कुठलं पाणी पिता?"

साहेब आधी तडकले, मग खो-खो हसले, आणि मग वही ओढून तासभर वाचत बसले. अहवाल आला. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असू नये, आमच्या बोअरला साडेपाच! वही पुरावा म्हणून खात्यातच राहिली.

आठ महिन्यांनी विहीर उपसून, साफ करून तिची पाइपलाइन आमच्या गल्लीत आली. नळ उघडायला साहेब आले, तर सुतार अख्खाच्या अख्खा वळून म्हणाला, "साहेब, तुम्ही नाही. मावशी!"

मावशींनी चावी फिरवली. पाणी फुसफुसलं, खोकलं आणि धो-धो आलं. गल्लीभर आरोळी उठली. थोरली तोंडावरचा हात काढून ओरडत होती, डाग-बिग विसरून. पहिला पेला धाकटीला. तिने निम्मा प्यायला, निम्मा साहेबांच्या बुटांवर ओतला.

साहेबांनी भाषण केलं. वही ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवणार, खाली मावशींचं नाव लिहिणार. "आणि मावशी, तुम्हाला काय हवं? आज मागाल ते."

मावशींनी गळ्यातली टेप सारखी केली.

"माझी वही परत द्या. धाकटीचा फ्रॉक बेतायचाय, तिचं पान उघडायचंय."