रोज सकाळी एका कुलपाचा फोटो

आधीच सांगतो, चेन्नईचा समुद्र किंवा देवळं बघायचा बेत असेल तर हा ब्लॉग तुमच्या फारसा कामाचा नाही. समुद्र मी पाहिलाच नाही. मी गेलो होतो एका कुलपामागे.

सुरुवातीपासून सांगतो. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं (एका सरांशी कडाक्याचं भांडण, तो विषय वेगळा) आणि तेव्हापासून मी सोलापुरात मोबाइलच्या दुकानात बसतो. दिवसाला आठ-दहा गिऱ्हाइकं तरी एकच रडगाणं घेऊन येतात, 'दादा, जागा भरली म्हणतोय फोन.' भरणारच. बारशाचा एक व्हिडिओ काकू काढते, ग्रुपवर टाकते, तो वीस फोनमध्ये उतरतो आणि वीस जणांच्या क्लाउडवर चढून बसतो. पुसत कुणीच नाही. मी त्यांना समजावतो, पटलं नाही की महिन्याचा प्लॅन लावून देतो. म्हणजे या विषयात मी स्वतःला शहाणा समजत होतो.

आता माझा शहाणपणा बघा. कॉलेजात असताना मुग्धाला मी एक जुना फोन दुरुस्त करून दिला होता. त्यात अकाउंट माझंच टाकलं. तिने काढलेले, मी काढलेले, सगळे फोटो एका जागी जमा व्हावेत म्हणून. प्रेमात माणसाला अशा गोष्टी सुचतात. पुढे ती पास झाली, चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात लागली. मी कॉलेज सोडलं. फोनवर भांडणं झाली, बहुतेक माझ्याच तोंडामुळे, आणि तिने मला सगळीकडून ब्लॉक केलं. फोटो येणंही थांबलं.

मग एका सकाळी माझ्या क्लाउडवर एक फोटो आला. हिरवं दार, त्याला पितळी कुलूप. दुसऱ्या दिवशी गॅसची बंद केलेली कळ. मग कॉफीचे दोन पेले. परत कुलूप. रोज, न चुकता.

मी काय समजायचं? फोटो त्याच फोनवरून येत होते. ते माझ्याकडे येतात हे तिला माहीत होतं, तरी तिने अकाउंट काढलं नव्हतं. तोंडाने बोलत नाही, पण कुलूप पाठवते! कुलूप म्हणजे विषय बंद, असं एक दिवस वाटायचं. कुलूप आहे म्हणजे किल्लीही असणार, असं दुसऱ्या दिवशी. आणि दोन पेले? दुसरा पेला कुणाचा? त्या पेल्यापायी मी दुकानात एका गिऱ्हाइकावर विनाकारण ओरडलो.

शेवटी माझीच जागा भरली. तिचे फोटो यायचे थांबू नयेत म्हणून मी आधी माझे क्रिकेटचे व्हिडिओ पुसले, मग चक्क महिन्याचा प्लॅन घेतला. मालक म्हणाले, "गिऱ्हाइकाला शिकवतोस आणि स्वतः फसतोस होय रे?" त्याच संध्याकाळी मी तिकीट काढलं.

गुरुवारी संध्याकाळी सोलापूर स्टेशन. स्लीपरचं तिकीट पाचशेच्या आसपास पडतं, पण आधी काढा, ऐनवेळी मिळत नाही. सवयीने मी सगळ्याचे फोटो काढत होतो. बर्थ, खिडकी, आईने दिलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी, माझं स्वतःचं तोंड. सकाळी रेणिगुंट्याला इडली घेतली. गार आणि आंबट. अर्धी टाकली, तिचाही फोटो काढला.

दुपारी चेन्नई सेंट्रल. बाहेर रिक्षावाल्याने टी. नगरला जायचे चारशे सांगितले. मी हिंदीत भांडलो, तो तमिळमध्ये भांडला. दोघांचंही समाधान झालं आणि मी चालायला लागलो. तुम्ही भांडू नका, रस्ता ओलांडून पार्क स्टेशनवर जा. तिथून लोकल माम्बलमला दहा रुपयांच्या आत सोडते. स्टेशनच्या एका अंगाला टी. नगरची साड्यांची दुकानं, त्या गर्दीत शिरलात तर वेगळ्याच दिशेला बाहेर पडाल. मी पडलो. लॉजचे नऊशे, पंखा चालू, गरम पाणी बंद. त्या उकाड्यात ते कुणाला हवं म्हणा.

पत्ता मला फोटोंनीच दिला होता. प्रत्येक फोटोच्या पोटात जागेचा नकाशा असतो. हे लिहिताना आता कसंसंच होतंय, पण तेव्हा वाटलं नव्हतं.

नकाशा जिथे थांबला तिथे एक अरुंद गल्ली होती आणि गल्लीत हिरवं दार. दाराला तेच कुलूप. लावलेलं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. एवढ्या लांब येऊन दार बंद मिळालं म्हणून रागवावं, की कुलूप खरंच आहे याचा आनंद मानावा, कळेना.

"अय्यो! आलेत की हो!"

मागे वळलो. साधारण सत्तरीचे गृहस्थ, पांढरी वेष्टी म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, हातात भाजीची पिशवी, दोन पावलं मागे त्यांची बायको. माझ्याकडे बघून हसत होते. बोलले शुद्ध मराठीत, पण सूर तमिळ.

"रेणिगुंट्यास इडली बरी नव्हती काय? अर्धी टाकलेत."

हा माणूस कोण, आणि माझी इडली याला काय ठाऊक?

त्यांनी पिशवीतून फोन काढला. मुग्धाचा फोन. कोपऱ्याला मीच चिकटवलेली टेप अजून होती. स्क्रीनवर ओळीने फोटो: त्यांचं कुलूप, माझा बर्थ, त्यांचे दोन पेले, माझी शेंगाचटणी, माझं तोंड.

अरे देवा. अकाउंट एक म्हणजे रस्ता दोन्हीकडून चालू. त्यांचं माझ्याकडे येत होतं तसं माझंही सगळं त्यांच्याकडे जात होतं. दिवसभर हेच गिऱ्हाइकांना सांगतो मी!

त्यांचं नाव सेतुमाधव राव. घराणं तंजावरचं मराठी, पिढ्यानपिढ्या तिकडचंच. नोकरी जवळच्याच गिंडी भागातल्या एका छोट्या कारखान्यात लेथ मशीनवर झाली, आता घरीच. मुग्धा पहिले काही महिने त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होती. मग कारखान्याजवळ हॉस्टेल मिळालं, नवा फोन घेतला, आणि जाताना जुना फोन रावांना देऊन गेली. तेव्हापासून सगळे फोटो रावांचे होते.

"पण कुलपाचा फोटो कशाला काढता हो?" मी जवळजवळ ओरडलोच.

एव्हाना कुलूप उघडून आम्ही आत बसलो होतो; स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोने, मावशीच म्हणतो, उत्तर दिलं. "ह्यांस ध्यानांत राहत नाही बा. स्टेशनापर्यंत जाऊन तीनदां परत येतात, कुलूप लावलों काय म्हणून. मुलगी सिंगापुरास असते. ती सांगितली, अप्पा, लावलांत की फोटो काढा, शंका आली तर पाहा. मलाही धाडा."

"गॅसही?"

"गॅसही. गोळ्याही. कॉफी दोघांनीं घेतली हेंही." मावशींनी माझ्यापुढे पेला ठेवला. तोच पेला. दुसरा पेला मावशींचा होता.

मी कॉफी प्यायलो. फार चांगली होती आणि मला रडू येत होतं.

रावांनी फोनवर बोट फिरवत फिरवत मागे नेलं. कॉलेजचे दिवस आले. ऐहोळेच्या देवळापुढे मी आणि मुग्धा. "हे मी पूर्वींच पाहिलों," ते हळूच म्हणाले. "मुलीस विचारलों नाही. तिनें सांगितलें तर ऐकावें. तुमचें तोंड मात्र रोज येत असे. मध्यें आठ दिवस दाढी केली नव्हतीत. आम्ही दोघें म्हणत होतों, ह्या पोरास बरें नाही काय."

मला आठवलं. त्या आठ दिवसांत माझ्याशी घरात कुणी बोलत नव्हतं. म्हणजे मी बोलू देत नव्हतो.

त्यांनी मुग्धाला फोन लावला, स्पीकरवर. मी आलोय हे ऐकल्यावर ती म्हणाली, "पत्ता कुणी दिला त्याला?"

"फोटोवरून," मी म्हणालो.

"नकाशा बघून आलास? लाज वाटते का रे काही?"

"तूच पाठवत होतीस असं वाटलं मला!"

"मी? कुलपाचे फोटो? तुला?" मग म्हणाली, "उद्या गिंडी. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीची बस तिथे थांबते. फोन घेऊन ये. काकांनापण आण. एकटा येऊ नकोस."

त्या संध्याकाळी मी रावांना त्यांचं स्वतःचं अकाउंट काढून दिलं आणि त्यांचे फोटो निवडून तिकडे पाठवले. निवडायला मावशी बसल्या. "हें कुलूप आमचें. हें तोंड तुमचें. हें मांजर कोणाचें?" मांजर माझं होतं. जेवायला सांबारासारखं पण गोडसर काहीतरी होतं आणि त्याला त्या मराठी नाव सांगत होत्या. मी तीनदा भात घेतला.

शनिवारी दुपारी राव आणि मी लोकलने गिंडीला. स्टेशनबाहेर ऊन असं की बोलायचंही जड. बस आली. गळ्यात ओळखपत्र लटकवलेली माणसं अर्धवट झोपेत उतरली, त्यात मुग्धा. बारीक झाली होती. मी तीन दिवस जुळवलेली वाक्यं जुळलीच नाहीत.

"तू अकाउंट काढलं का नाहीस?" माझा आवाज चढलाच. "दोन मिनिटांची सेटिंग आहे! काढलं असतंस तर मी..."

"मोठ्याने बोलू नकोस." ती शांत होती, ते जास्त लागलं. "काढलं की फोन जुना पासवर्ड मागतो, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं. मग तुला फोन करावा लागला असता. तो करायचा नव्हता मला. एवढंच आहे कारण."

"पासवर्ड नुसतं काढायला नाही लागत. सगळा फोन पुसून परत सुरू केला तर लागतो."

"मला काय माहीत? दुकानात तू बसतोस."

रावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सेरि, सेरि, बरें, बरें. कॉफी घेऊं आधीं." टपरीवरच्या कॉफीचे पैसे त्यांनीच दिले. मग फोन मधे ठेवला.

म्हटलं, करायचंच तर पूर्ण करू. सगळा फोन पुसला. परत सुरू झाला आणि खरंच जुन्या अकाउंटचा पासवर्ड मागितला. मी टाईप केला. मुग्धा माझ्या बोटांकडे बघत होती.

"अजून तोच?"

"हो."

"बदल."

एवढ्या एका शब्दासाठी साडेसोळा तासांचा प्रवास. मग माझं अकाउंट काढून रावांचं टाकलं, फोनवर त्यांचं नाव आलं. मी विचारलं, कॉलेजचे आपले फोटो माझ्याकडे आहेत, त्यांचं काय करू?

"ठेव नाहीतर पूस. मला सांगू नकोस." मग "दाढी केलीस ते बरं केलंस," म्हणाली आणि हॉस्टेलकडे परत जाणाऱ्या बसकडे गेली. याचा अर्थ काय, हे मला विचारू नका. परतीच्या गाडीत मी त्यातून चार वेगवेगळे अर्थ काढले आणि वाडी स्टेशन येईपर्यंत चारही सोडून दिले. पासवर्ड मात्र गाडीतच बदलला.

घरी येऊन आज आठवा दिवस. क्लाउडची अर्धी जागा रिकामी आहे. प्लॅन बंद करायला जातो, तर आधी ऐहोळेचे फोटो समोर येतात. पुसलेले नाहीत, पुन्हा पाहिलेलेही नाहीत. पहिले काही दिवस सकाळी उठून सवयीने फोन उघडायचो. काही आलेलं नसायचं, तरी पुन्हा पुन्हा बघायचो. ते मुग्धासाठी की त्या हिरव्या दारासाठी, खरंच सांगता येत नाही. तिच्या म्हणून जे फोटो मी रात्रंदिवस बघितले, ते तिचे नव्हतेच. मग मी इतके दिवस नेमकं कुणावर रागावत होतो?

आज सकाळी अनोळखी नंबरवरून फोटो आला. पितळी कुलूप. खाली लिहिलेलं, 'कुलूप लावलों. गॅस बंद. तुमचें काय?'

मी उठून स्वयंपाकघरात गेलो, गॅसची कळ बंद केली, फोटो काढला आणि पाठवला.

"अरे कार्ट्या," मागून आई ओरडली, "भात अर्धा कच्चा आहे, गॅस कुणी बंद केला?"