बाबांचे डोळे न्यायला आलेली माणसं

मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास माझे बाबा गेले. पिंपळगाव राजाला, आमच्या घरी, चहा पिता पिता... हृदय बरेच दिवस थकलं होतं, म्हणून मी मलकापूरहून आणि आत्या लोणारहून आधीच येऊन राहिलो होतो.

गावातले डॉक्टर तपासून गेले. मला काही सुचत नव्हतं. भिंतीला टेकून बसलेल्या आईनेच हळू आवाजात सांगितलं, "तुह्या बाबानं कार्ड ठेवलं हाये, आधार कार्डासंगं. त्याच्यावरच्या नंबरले फोन लाव."

नेत्रदानाचं कार्ड होतं ते. दोनेक वर्षांपूर्वी खामगावच्या एका सेवा क्लबने गावात डोळ्यांचं शिबिर घेतलं, त्यातूनच बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वांग्यावरची बारीक अळी दिसायला लागली म्हणून शेजाऱ्यांना वावरात नेऊन दाखवायचे... त्याच आनंदात त्यांनी फॉर्म भरला होता.

खरं सांगते, या क्लबांबद्दल माझं मत काही फार चांगलं नव्हतं. कोट, बॅज, हारतुरे आणि पेपरात फोटो, एवढंच मला दिसायचं. फोन लावताना वाटलं, उचलणार कोण?

दुसऱ्या रिंगला उचलला. खामगावात इलेक्ट्रिकचं दुकान चालवणारे एक काका होते. म्हणाले, "ताई, पहिले पंखा बंद करा. डोळे नीट मिटवा, वर ओला कापूस ठेवा अन् डोक्याखाली उशी द्या. आपल्याजवळ सहा तास आहेत. बाकीचं आमच्यावर सोडा."

म्हणजे दुपारी दोनपर्यंत... पंखा बंद करून मी बाबांच्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला. काहीतरी करायला मिळालं, त्याचाच आधार वाटला.

पलीकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. डोळे काढणारे तंत्रज्ञ त्या दिवशी चिखलीच्या क्लबच्या शिबिरात होते. तिथल्या एका निवृत्त सरांनी स्वतःची गाडी काढून त्यांना खामगावला आणलं, आणि तिथून दुकानाचं शटर ओढून काका त्यांना घेऊन आमच्याकडे निघाले. पुढे डोळ्यांची पेटी रेल्वेने नेत्रपेढीत पोचवायला मलकापूरच्या क्लबमधल्या एक बाई तयार होऊन बसल्या होत्या. तीन गावं, तीन क्लब... आणि आमची कोणाशीच ओळख नाही.

साडेअकराला गाडी दारात आली, आणि आत्या दारात आडवी उभी राहिली.

आत्या बाबांहून दहा वर्षांनी मोठी. आजी लवकर गेली, त्यामुळे बाबांना तिनेच वाढवलेलं. "माह्या भावाच्या डोळ्याले कोनी हात लावाचा नाही," ती ओरडली. "पुढल्या जन्मी आंधळा जन्माले येईन तो!"

अंगणातल्या दोघातिघांनी मान डोलावली. मला वाटलं, आता काका दानाचं महत्त्व सांगायला लागतील, नाहीतर गाडी वळवून निघून जातील...

त्यांनी चपला काढल्या आणि उंबऱ्याशी खालीच मांडी घातली. "माय, लहानपणी कसा होता भाऊ?" एवढंच विचारलं.

आत्या आधी चिडली. मग तीही खाली बसली... आणि बोलायला लागली. बाबांचा गोवर, शाळेतून पळून येणं, तिच्या लग्नात बैलगाडीमागे रडत धावणं. तंत्रज्ञांनी एकदा घड्याळ पाहिलं आणि पेटी मांडीवर घेऊन शांत बसून राहिले. मी मात्र आतून तुटत होते. बाबांची एक इच्छा, आणि वेळ चालला होता...

बोलता बोलता आत्या ऑपरेशनवर आली. डोळा बरा झाल्यावर बाबा आधी लोणारला तिलाच भेटायला गेले होते. "माह्या तोंडाकडं पाह्यत राह्यला अन् म्हने, अक्का, तू तं पार म्हातारी झाली वं... मले दिसलंच नव्हतं!" ती हसली. आणि सकाळपासून कोरडी बसलेली माझी आत्या हंबरडा फोडून रडली.

रडणं ओसरल्यावर तिनेच विचारलं, "ऑपरेशन झालेले डोळे चालतात का दुसऱ्याले?"

"चालतात, माय."

"मंग न्या. पन मले जवळ बसू द्या."

पाऊण तासाच्या आत सगळं आटोपलंही. आत्या बाबांचा हात धरून बसली होती. बाहेर येऊन आईला म्हणाली, "झोपल्यावानीच दिसते वं." क्लबच्या कोणी फोटो काढला नाही, चहासुद्धा घेतला नाही. गाडीत बसण्याआधी काकांनी बाबांच्या पायांवर डोकं टेकवलं.

काही दिवसांनी निरोप आला, दोन जणांना दृष्टी मिळाली. नावं सांगत नाहीत... आम्हीही विचारली नाहीत.

तेरवी झाल्यावर सगळ्यांना फोन केले. चिखलीच्या सरांचे आभार मानले, तर ते म्हणाले, "ताई, माझं काय, मी फक्त गाडी चालवली. आभार शिबिरातल्या म्हाताऱ्यांचे माना. तंत्रज्ञ नेतो म्हटल्यावर तपासणीच बंद पडली ना. खेड्यापाड्यातून एसटीने आलेली माणसं ती. पण कशासाठी नेतो ते सांगितलं, तर एक आजोबा म्हणाले, 'जा बापू, आमचे मोतीबिंदू काई पळून नाही जात!' तंत्रज्ञ परत येईपर्यंत, अगदी संध्याकाळपर्यंत बसून होते सगळे. एकही जण उठून गेला नाही."

ज्यांना स्वतःला नीट दिसत नाही, अशी ती माणसं माझ्या बाबांसाठी दिवसभर थांबली होती... त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचणार नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहिते आहे. तुम्हा सगळ्यांना माझा आणि आत्याचा नमस्कार.