छान आहे, पण…

माझी जीभ मूळची तिखट. पुण्यातल्या कंपनीत एका नवशिक्याचा कोड तपासताना मी त्याला रडवलं, तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बसवून शिकवलं: आधी कौतुक, मग चूक, मग पुन्हा कौतुक. ते मी घोकून पाठ केलं आणि साखरखेर्ड्याला, माझ्या गावी, परत येऊन पायथन प्रोग्रामिंगचा क्लास काढला तेव्हा सोबत घेऊन आले.

क्लासात एक बी.एस्सी. झालेली मुलगी होती. वडिलांनी तिला बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत यात काही जमलं तं लग्नाचं पुढच्या साली पाहू. नाही तं येईन त्या स्थळाले हो म्हनाचं." त्यामुळे ती सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

तिनं घरच्या शेतांतल्या सोयाबीनची सरासरी काढणारा प्रोग्राम लिहिला. उत्तर परत देणारी ओळ मात्र लूपच्या, म्हणजे एकेक शेत मोजत जाणाऱ्या फेऱ्याच्या, आतच घुसवली. पहिल्या शेताला हात लावला की प्रोग्राम काम आटोपून घरी! माझ्या तोंडात एक सणसणीत वाक्य आलं होतं. ते गिळलं आणि गोड हसून म्हणाले, "प्रयत्न छान आहे. पण पुन्हा एकदा बघू या हं. एकूण छानच!"

दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली.

बाजारात दिसली तेव्हा मी गाठलंच. "काऊन वं, येत काऊन नाही?"

"तुमी छान म्हनलं ना मॅडम. मले समजलं."

"काय समजलं?"

"घरी पाव्हने येतात. पोहे खातात, 'पोरगी छान हाये, कळवतो' म्हनतात. मंग कोनाचाच फोन येत नाही. नाही म्हनाची तेच तं रीत हाये आपल्याकडं."

मी कपाळावर हात मारून घेतला. माझ्या वेळी असे पोहे मीही कमी केले नव्हते. तिला तशीच धरून तिच्या घरी गेले.

वडील ओसरीवर सुपारी कातरत होते. "पोरीले जमत नाही म्हनते. रविवारी पाव्हने येऊन राह्यले."

"जमत नाही कसं?" माझा बांध फुटला. "लूप चुकला. कोडात नावं अशी ठेवली का उद्या हिलेच समजनार नाहीत. लूप सुधारला तरी शेतांची यादी रिकामी असली तं शून्यानं भागाले जाते अन् प्रोग्राम बंद पडते. अन् अडलं तं इचारत नाही, हे सगळ्यात वाईट!"

मुलीचा चेहरा उजळत चालला होता. मला तर किती दिवसांनी मोकळं वाटलं.

"हे सारं दुरुस्त होते का?" वडिलांनी विचारलं.

"बसली तं उद्या होते."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "आजपर्यंत जो आला तो पोरीले वाखानून गेला. खोड काढून थांबलेल्या तुमीच पयल्या." मग खिशातून मोबाईल काढून त्यांनी पाहुण्यांना फोन लावला. रविवारी येऊ नका म्हणाले. पलीकडून कारण विचारलं असावं.

वडील छाती फुगवून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लय चुका निघाल्या ना आमच्या पोरीच्या!"